सहा वाजता घरी जाणारी बाई

आमच्या चांगशिनदोंग वस्तीच्या चढावर, बस वळते त्या थांब्यावर, मालसूनचा फोटो लावलाय. माणसापेक्षा मोठा. राखाडी स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी, मागे जुन्या दगडखाणीचा कडा, आणि तोंडावर असलं हसू, जे मी इतक्या वर्षांत कधी बघितलं नाही. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, 'आमचा शर्ट शिवणारी सहा वाजता घरी जाते.' लोक बसची वाट बघता बघता तो फोटो बघतात आणि त्यांना बरं वाटतं. मला मात्र तो दिसला की तिडीक येते. फोटो खोटा आहे असं नाही. मालसून खरंच सहाला घरी जाते. पण घरी जाऊन करते काय, ते कुणी विचारलं नाही.

मी ओकबुन. त्या थांब्याच्या मागच्या गल्लीत, तळघरात माझा शिलाईचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तीन मशीनं, एक इस्त्री आणि छताला एक पंखा, तोही मनात आलं तर फिरतो. नवरा गेल्यापासून मीच मालकीण आणि मीच झाडूवाली. इस्त्रीला म्हातारा पे आहे, आणि एका मशीनवर थुई. ती व्हिएतनामची, इथल्या घरात सून म्हणून आली. तोंडाळ आहे, पण हात सोन्याचा.

मालसून आणि मी या धंद्यात बरोबरच आलो. दोघी खेड्यातल्या, दोघी परकरी वयाच्या. बाजारातल्या ज्या माळ्यावर शिवायला बसायचो, तिथे उभं राहिलं की डोकं छताला लागायचं. तिथे नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. ती तीन नंबरच्या मशीनची पोर आणि मी चारची. "ए तीन, धागे काप! ए चार, मेलीस का?" अशी सगळी बोलणी. ती माझ्याहून लहान, म्हणून मला 'ऊन्नी' म्हणायची, म्हणजे थोरली बहीण. अजूनही तेच म्हणते. आणि मी तिला अजून लाडाने 'तीन' म्हणते. दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नाही.

तिने दोन भावांना शिकवलं. लग्न एकदा अगदी ठरत आलं होतं, पण धाकट्याचं कॉलेज आडवं आलं. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाली. पुढच्या वर्षी तो मुलगाच थांबला नाही. भाऊ शिकले, एक बुसानला साहेब झाला, दुसरा कॅनडात. शरदाच्या सणाला एक जण नासपतीची पेटी पाठवतो आणि दुसरा फोन करतो. आईबाप कधीच गेले. मालसून खाणीच्या कड्यावरच्या एका इमारतीच्या गच्चीवर, एका खोलीत राहते. पण ती खोली तिचं घर कधी नव्हतीच, नुसती पाठ टेकायची जागा. तिचं घर म्हणजे ती शिवायला जाते तो यांगचा कारखाना.

यांगचा कारखाना आमच्या वरच्या वळणावर आहे. तिथे आणि खरं तर या गल्लीत सगळीकडेच एक रीत होती. सात वाजले की मशीनं थांबायची, इस्त्रीच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, मधोमध पातेलं यायचं आणि सगळे भोवती बसायचे. भात यांगची बायको लावायची, रस्सा मालसूनचा. सुकट, मुळ्याची आंबवलेली किमची, कुणाच्या घरून आलेलं काहीबाही. सगळ्यांचे चमचे एकाच पातेल्यात. भांडणं तिथेच, सोयरिकी तिथेच, मेलेल्यांची आठवण तिथेच. जेवून झालं की पुन्हा काम, पार पाठीचं लाकूड होईपर्यंत. ते वाईट होतं, मी काही त्याचे गोडवे गात नाही. माझे गुडघे त्यातच गेलेत. पण मालसून त्या पातेल्यावर जगत होती, हेही तितकंच खरं.

यांगला काम देणारी कंपनी म्हणजे आमच्या गल्लीचं जुनं दुखणं. नाव असं फ्रेंच, की मालकालाही धड उच्चारता यायचं नाही. म्हातारा मालक महापाजी. आज कापड टाकायचं आणि उद्या सकाळी शर्ट मागायचे. आम्ही शिवलेल्या कपड्यांवर परदेशी नाव, आणि आमच्या तोंडाला पानं पुसलेली. मग म्हाताऱ्याला अर्धांग झालं आणि धंदा मुलीच्या हातात आला. चेरिन तिचं नाव. बाहेर शिकलेली, केस कानापर्यंत कापलेले, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी.

तिने कंपनीची कातच बदलली. फ्रेंच नाव गेलं आणि नवीन आलं, 'सहा वाजता'. वस्तीच्या सभागृहात आम्हा सगळ्या कारखानदारांना आणि शिवणाऱ्या बायांना बोलावलं. म्हणाली, "माझ्या वडिलांनी तुम्हाला जे भोगायला लावलं, ते मी लहानपणी गाडीच्या काचेतून बघितलंय. आता आमचा कपडा शिवणाऱ्या प्रत्येक माणसाला पाठ टेकायची खुर्ची मिळेल, खिडकी मिळेल, विमा मिळेल, वेळेवर पैसे मिळतील. आणि सहा वाजता दिवे बंद. कॉलरच्या आत लेबल असेल, 'हा शर्ट शिवणारी व्यक्ती सहा वाजता घरी जाते.'"

मी मागून ओरडले, "आणि सातच्या जेवणाचं काय?"

ती गोड हसली. "जेवण आता घरी, काकू. आपल्या माणसांबरोबर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालसूनने पण वाजवल्या. माझ्या शेजारीच बसली होती.

मला ते काम मिळालं नाही. तळघराला खिडकी कुठून आणू? मी चिडले, घरी येऊन भांडी आपटली. पण खोटं कशाला बोलू, पोरगी शब्दाची पक्की निघाली. यांगकडे खुर्च्या आल्या, धूळ ओढणारं यंत्र आलं, दर वाढला. शिवणाऱ्या बायांना कंपनीची माणसं 'बाई' म्हणायला लागली, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. "मालसूनबाई, जरा ही शिलाई दाखवता का?" मी पोट धरून हसले. "चौथीत शाळा सुटली आणि म्हणे बाई! आता छडी पण आण विकत." मालसून लाजली, पण तिला ते आवडलं होतं. का आवडू नये? जन्मभर जिला नंबराने हाक मारली, तिला कुणीतरी बाई म्हणत होतं.

आणि मग ती सहाला घरी जायला लागली.

थोडे दिवस गेले आणि एका संध्याकाळी माझ्या जिन्यावर पावलं वाजली. मालसून दारात उभी, पिशवी पोटाशी धरून.

"ऊन्नी, धागे कापायचे असतील तर दे ना."

"तू? धागे?" मला वाटलं चेष्टा करतेय. धागे कापणं हे नव्या पोरीचं काम, आणि ही गल्लीतली पहिल्या नंबरची शिवणारी. "घरी काय वाघ बसलाय का?"

"घरी कुणीच बसलेलं नाही," ती म्हणाली. "इतकं शांत असतं ना, की चावल्याचा आवाज आपल्यालाच येतो. घास फिरत राहतो तोंडात. टीव्ही लावून बघितला. ती माणसं दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असतात."

मी कात्री पुढे केली.

मग हे रोजचंच झालं. सहाला यांगकडचे दिवे बंद व्हायचे, ती चढ उतरून बाजाराकडून वळसा घालायची आणि माझ्या तळघरात उतरायची. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून धागे कापायची. सातला आम्ही इस्त्रीचं टेबल झाकायचो आणि रस्सा तिचाच. पैसे द्यायला गेले तर हात मागे ओढायची. पे तिची थट्टा करायचा, "आली बघा सहा वाजता घरी जाणारी! वाट चुकलीस का गं?" थुई तिला आपल्या भाषेतल्या शिव्या शिकवायची. मालसून त्या शिव्या अशा मायेने म्हणायची, की थुई हसून हसून टेबलावर डोकं ठेवायची. तो फोटो कंपनीने याच सुमारास काढला. बहुतेक फोटोवाल्याने "घरी गेल्यावर पहिलं काय करता, बाई?" असं विचारलं असणार, आणि हिच्या डोळ्यांपुढे माझं तळघर आलं असणार. म्हणून तर तसं हसू.

शरदाचा सण आला. चेरिन आपल्या कंपनीच्या बायांच्या घरी स्वतः नासपतीच्या पेट्या घेऊन निघाली. तिच्या बापाने अशा दिवसांत कधी फळाचं सालही दिलं नव्हतं. ती कड्यावर चढली, गच्चीवर गेली, तर खोलीला कुलूप. घरमालकीण म्हणाली, "ती रोज रात्रीचं ओकबुनच्या तळघरात असते की."

म्हणून ती आली. पेटी छातीशी धरलेली, दम लागलेला. माझ्या शेवटच्या पायरीवर उभी राहून बघत होती. मालसूनच्या मांडीवर कुणा भलत्याच कंपनीच्या पँटी, हातात कात्री आणि स्वेटरभर धाग्यांचे तुकडे.

"किती देता तुम्ही यांना?" चेरिनने मला विचारलं.

"एक दमडी नाही."

"म्हणजे फुकट राबवता?"

मग माझं डोकंच फिरलं. "ए पोरी! तुझा बाप गाडीतून खाली उतरला नाही आणि तू मला शिकवतेस? ही तीन नंबरची पोर होती तेव्हापासून मी हिला ओळखते, तू नाही. हिला मी राबवते? मी?"

"ऊन्नी, गप," मालसून म्हणाली. कात्री खाली ठेवून उभी राहिली आणि स्वेटरवरचे धागे झटकायला लागली. "चेरिन, मी इथे जेवायला येते."

"मग हे काय आहे?" तिने पँटींकडे बोट दाखवलं.

"फुकट कसं जेवू?"

पोरगी शेवटची पायरी उतरली. पेटी इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "मालसूनबाई, मी तुम्हाला अडवायला आले नव्हते. पण एका कारखान्यात दिवा दिसला, की शेजारचा लावतो. मग त्याच्या शेजारचा. वडिलांच्या वेळी असंच झालं होतं, तुम्हालाच जास्त माहीत. लोक आमच्या लेबलवर विश्वास ठेवून शर्ट घेतात. तुमचा फोटो थांब्यावर आहे. उद्या कुणी तुम्हाला इथे बघितलं, तर सगळ्या बायांचं सहा वाजणं जाईल. तुम्ही इथे काम करत राहिलात, तर मला तुम्हाला यांगकडे ठेवता येणार नाही." आणि घाईघाईने पुढे म्हणाली, "संध्याकाळसाठी आपण काहीतरी करू. वस्तीच्या केंद्रात सुंदर अक्षर काढायचा वर्ग आहे. गाण्याचा पण आहे."

मला हसावं की रडावं कळेना. पण त्या पोरीचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. वाईट असती तर तिला जिन्यावरून ढकलली असती आणि सुखाने झोपले असते.

"मी येणार नाही इथे," मालसून म्हणाली.

चेरिन गेल्यावर मी तिला फाडून खाल्लं. "बावळट! सोड यांगला. माझ्याकडे ये. खिडकी नाही, पण पातेलं आहे."

ती म्हणाली, "ऊन्नी, ते लेबल कॉलरला कोण लावतं माहितीये? मी लावते. प्रत्येक शर्टाला. ते लावून मग इथे येऊन बसायचं? जन्मात पहिल्यांदा माझ्या शिवणीवर काही खरं लिहिलंय गं." आणि गेली.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी ही. पण मीही काही कमी नाही. दुसऱ्या दिवशी सहाला यांगच्या दाराशी जाऊन उभी राहिले. "काम नाही, कात्री नाही. नुसतं जेवायला चल. त्याला तर कुणाची ना नाही ना?" ओढतच आणली म्हणा ना.

ती आली. स्टुलावर बसली. आम्हाला ऑर्डर पुरी करायची होती, मशीनं चालू होती, पे वाफेत बुडालेला. मालसून हात मांडीवर ठेवून बसली. मग ते मांडीखाली घातले. मग पिशवीचा बंद धरला. एकदा तिने थुईच्या पायाशी पडलेला धागा उचलला आणि चटका बसल्यासारखा खाली टाकला. जेवताना अर्धा भात ठेवला. "आज भूक नाही," म्हणाली. तोंड पुसून "पाहुणचार झाला, ऊन्नी," म्हणून उठली. आमच्यात असं कधी कुणी बोललं नव्हतं. त्यानंतर ती आली नाही.

अक्षरांच्या वर्गाला मात्र गेली. मला भेटली बाजारात, बोटाला शाई. विचारलं, "काय लिहिलंस?" तर म्हणे, "स्वतःचं नाव." मालसून म्हणजे आमच्याकडे शेवटची मुलगी, आता पोरी पुरे म्हणून बापाने ठेवलेलं नाव. "किती वेळ लिहिणार ते," म्हणाली. "आणि तिथे कुणी बोलत नाही, ऊन्नी. सगळे मान खाली घालून बसतात." पुढे तोही वर्ग सुटला.

मी रात्री दिवा मालवून बाहेर आले की वर कड्याकडे बघायचे. गच्चीवरची तिची खिडकी उजेडात असायची. पडदा कधी हलायचा नाही.

मग एकदा सातच्या सुमाराला फोन वाजला. आम्ही नुकते काम आवरत होतो. मालसून.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"आता बसतेय. ऊन्नी, एक सांगू? हसशील."

"हसेन. सांग."

"फोन बंद करू नकोस. तिथे धाग्यांच्या फळीवर ठेव नुसता. बोलू नकोस माझ्याशी. तुम्ही काम करा."

मी हसले नाही. फोन रिळांच्या मध्ये उभा ठेवला आणि थुईला खुणावलं, मशीन चालू कर. पे भसाभस वाफ सोडायला लागला. बऱ्याच वेळाने मी फोन कानाला लावला, तर पलीकडे चमचा वाटीला लागल्याचा आवाज. "जेवले," ती म्हणाली. "पूर्ण भात जेवले."

तेव्हापासून आमचं जेवण अर्धा तास पुढे गेलं. सातला फोन यायचा, आणि आम्ही तिचं जेवण होईपर्यंत मशीनं चालवायचो. पे रोज ओरडायचा, "मालसून, आज काय ऐकणार? ओव्हरलॉकचं मशीन की इस्त्री?" आणि थुई फोनमध्ये एखादी शिवी हाणायची. पलीकडून कधीकधी बारीक हसू ऐकू यायचं. ती काम करत नव्हती, कुणाचं खातही नव्हती. लेबल खरं राहिलं होतं. कंपनीला कळतं तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. मी विचारायला गेले नाही.

मग थंडीतली मंदी आली. आमच्या धंद्यात ती दर वर्षी येते, पण या वेळी जरा जास्तच बसली. थुईला मी रजा दिली. पेचे गुडघे धरले होते, तोही घरी. कापड नव्हतं, ऑर्डर नव्हती. मी उगाचच तळघरात येऊन बसायचे, कारण घरी नवऱ्याचा फोटो आहे आणि तो बोलत नाही. त्या संध्याकाळी डब्यात भात होता, पण झाकण उघडायची इच्छा होत नव्हती. पंखा बंद, इस्त्री गार. आपण किती जोरात श्वास घेतो, ते मला त्या दिवशी कळलं.

सातला फोन वाजला.

मी म्हणू शकले असते, की आज काम नाही गं. जिभेवर आलं होतं. पण तिचं पातेलं समोर असणार, चमचा हातात असणार. मी म्हटलं, "थांब हं, आज घाई आहे आम्हाला," आणि फोन फळीवर ठेवला. एक चिंधी घेतली, माझ्या मशीनवर बसले आणि शिवायला लागले. सरळ शिलाई, मग उलटी, मग पुन्हा सरळ. मधूनच पेच्या आवाजात खाकरले. चिंधी शिवून शिवून पुठ्ठ्यासारखी ताठ झाली, तेव्हा दुसरी घेतली. कंबर बोंबलत होती, पण पाय काही उचलला नाही.

शेवटी फोन उचलला. "जेवलीस?"

"जेवले." मग म्हणाली, "ऊन्नी, एकटीच आहेस ना? एकच मशीन वाजत होतं."

चोरी पकडल्यासारखी बसले. "हो," म्हटलं. "मंदी आहे."

"तू जेवलीस?"

"जेवेन की."

"आता जेव. माझ्यासमोर जेव," ती म्हणाली. "फोन बंद करू नकोस. फळीवर नको, डब्याजवळ ठेव."

मी डबा उघडला. भात गार झाला होता. पहिला घास तोंडात घेतला, आणि तो फिरायला लागणार इतक्यात पलीकडून पाण्याचा आवाज आला. मालसून भांडी घासत होती. तिच्याकडे घासायला असतं काय? एक वाटी, एक चमचा, एक छोटं पातेलं. पण ती घासत राहिली. खळखळ, ठणठण, पुन्हा विसळ, पुन्हा घास. माझा डबा रिकामा होईपर्यंत ती बाई तेवढीच भांडी घासत होती.